डावीकडे वळणारी बोट

जेवण अर्धं झालं की मी ह्यांचं ताट फिरवते. उजवीकडचं डावीकडे, डावीकडचं उजवीकडे. नाही फिरवलं तर हे अर्धी पोळी, अर्धा भात आणि भाजीची भरलेली वाटी तशीच ठेवून उठतात आणि वर मलाच विचारतात, "आज भाजी नाही केली का वं?" भाजी समोरच असते. डावीकडे असते, एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला. डोक्याच्या उजव्या भागात रक्त अडकलं, म्हणून डावा हात आणि डावा पाय गेला. ते कोणालाही दिसतं. पण त्याच्यासोबत ह्यांच्यापुरती जगाची डावी बाजूच गेली, हे समजायला आम्हाला महिना लागला. डोळे चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले, डोळा पाहतो पण डोकं दखल घेत नाही. हे दाढी करतात ती उजव्या गालाची. डावीकडे बसलेला पाहुणा चहा पिऊन निघून गेला तरी ह्यांना पत्ता नसतो. सुरुवातीला मी रडले, मग चिडले. आता दोन्ही होत नाही. ताट फिरवते.

माझं नाव पुष्पलता. बेसा भागात आमचं दोन खोल्यांचं घर आहे आणि पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. हे म्हणजे मधुकरराव, बुटीबोरीच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्न मेकर होते. एकुलती मुलगी अश्लेषा पुण्याला नोकरी करते आणि रोज फोनवर विचारते, "आई, तू जेवली का?" मी हो म्हणते.

पॅटर्न मेकर म्हणजे काय, हे लोकांना सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि पडलेल्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडी नमुना करणारे हे. आता लोखंड थंड झालं की आक्रसतं, म्हणून नमुना जरासा मोठाच करायचा. दरवेळी कोण आकडेमोड करत बसणार? म्हणून ह्या लोकांची पट्टीच वेगळी असते. दिसायला आपल्यासारखीच, स्टीलची, पण तिच्यातला प्रत्येक सेंटिमीटर केसभर लांब. मीटरमागे एक सेंटिमीटर जास्त. हे तिला वाढीव पट्टी म्हणतात.

ह्या पट्टीची आणि माझी ओळख लग्नाच्या पहिल्याच महिन्यात झाली. मी दाराचं माप माझ्या टेपनं घेतलं आणि पडद्याचं कापड ह्यांच्या पट्टीनं मोजलं. पडदा दोन सेंटिमीटर लांब झाला आणि वर्षभर जमीन झाडत राहिला. हे त्या दिवशी पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "माह्या पट्टीले हात नोको लावत जाऊ. एका कामात दोन पट्ट्या आल्या का काम गेलं समज." मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

व्यायाम करून घ्यायला नूपुर नावाची मुलगी आठवड्यातून तीनदा येते. गोड मुलगी आहे, पण तिच्याकडे एक कागद असतो, तो मला आवडत नाही. कागदावर एक आडवी रेघ. "काका, हिच्या मधोमध खूण करा." हे खूण करतात ती पार उजव्या टोकाजवळ. पहिल्यांदा केली तेव्हा केवढ्या रुबाबात केली होती. ज्या माणसाने जन्मभर नुसत्या नजरेनं लाकडाचा मध्य काढला, त्याला रेघेचं काय कौतुक? "बरोबर आहे न?" त्यांनी विचारलं. नूपुर माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "जवळपास आलं."

त्यानंतर मी पुष्कळ खोटं बोलले. मागच्यापेक्षा बरं आहे, नूपुर खूश होती, डॉक्टरसाहेब म्हणाले सहा महिन्यांत सगळं ठीक होईल. एका दिवशी नूपुर गेल्यावर ह्यांनी तो कागद मागून घेतला. उजव्या हाताने रेघेच्या टोकावर टोक आणून घडी घातली, टेबलावर दाबली, उघडली, आणि घडीवर अंगठा ठेवून आपली खूण शोधली. घडीपासून खूण चार बोटं दूर होती. कागद त्यांनी मला परत दिला.

"पुष्पा, माह्यातलं माप गेलं," ते म्हणाले. "आन तू मले लबाड बोलून राहिली."

त्या दिवसापासून हे भिंतीकडे तोंड करून निजायला लागले. व्यायाम नको, बाहेर खुर्चीत बसणं नको. नूपुर दारात आली की म्हणायचे, "तिले सांग, झोपलो मी."

दिवाळीत अश्लेषा आली. तिने फोनवर कुठल्या तरी माणसाची चित्रफीत दाखवली. त्याने घरी लाकडाची हातभर बोट केली होती आणि तळ्याकाठी उभा राहून ती रिमोटने चालवत होता. हे उठून बसले. तीनदा पाहिली. मग म्हणाले, "जिंदगीभर लाकूड घडवलं, पण लाकडाची चीज एक नाही बनवली मी. सारं वाळूत गाडाले दिलं. हे बनवतो मी."

अश्लेषाने मोटर, पंखा, बॅटरी, सुकाणू फिरवणारी चिमुकली मोटर आणि रिमोट असं सगळं मागवून दिलं. तयार सांगाडाही मिळतो म्हणाली. ह्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने तयार पोळ्या आणू का विचारलं.

कामाला लागायच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला समोर बसवलं, उजवीकडे. "आयक. हे बोट सरळ गेली तं मी समजन का माप आहे अजून माह्यात. मंग त्या पोरीच्या साऱ्या कसरती करतो. आन नाही गेली तं मले पुन्हा उठवाचं नाही. तिले बी बोलवाचं नाही."

"असं कसं बोलून राहिले तुम्ही?"

"मी सांगून ठेवलं."

हे एकदा सांगून ठेवतात ते तसंच करतात. सिगरेट अशीच सोडली आणि मोठ्या भावाशी बोलणंही असंच सोडलं. त्यामुळे त्या बोटीवर काय काय लादलेलं आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बोट करणं ही गंमत असते असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या घरी येऊन दोन महिने राहून पाहावं. सकाळी पाचला उठायचं, ह्यांना बाथरूमला न्यायचं, आंघोळ, कपडे. आधी डावी बाही, मग उजवी, उलटं केलं की अडकतं. मग चहा, गोळ्या, स्वयंपाक, ताट फिरवणं. आणि आता जरा मशीनवर बसावं म्हटलं की हाक, "पुष्पा, धर वं." एका हाताने लाकूड कापता येत नाही. एका हाताने पॉलिश पेपर घासता येतो, पण लाकूड धरायला दुसरा हात लागतोच, आणि तो माझा. गिऱ्हाइकांच्या रेशमी कापडावर भुसा. डाळीत भुसा. एका बाईने अस्तर झटकत विचारलं, "काकू, सुतारकाम सुरू केलं का?" मी हसले. मला त्या बाईला बाहेर काढावंसं वाटलं होतं.

पण हे बसायला लागले, हेही खरं. सकाळी आपणहून विचारायचे, "झाली का वं तुही पूजा? चाल मंग." नूपुर आली की हात पुढे करायचे. टेबलाला फळी क्लॅम्पने जखडून हे करवत चालवत तेव्हा त्यांची मान ताठ असे. मी थकत होते आणि ते सुधारत होते. दोन्ही एकदमच चाललं होतं.

बोटीच्या पोटात आडव्या फासळ्या असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी पातळ प्लायच्या कुशी लावतात. कुशी पुढे जाऊन टोकाशी मिळतात. उजवी कूस ह्यांनी स्वतः कापली. चार दिवस लागले. मोजताना नजरेवर विश्वास नव्हता, म्हणून पट्टीच्या कडेवर नख फिरवून एकेक रेघ बोटाने मोजायचे. पंचाहत्तर सेंटिमीटर लांबी. मध्ये पाच फासळ्यांच्या खुणा. पेन्सिलीची रेघ इतकी बारीक की मला चष्मा लावल्याशिवाय दिसायची नाही.

पाचव्या दिवशी डाव्या कुशीची पाळी होती. ह्यांचा खांदा भरून आला होता. त्यांनी मापं सांगितली, मी ब्लाउजच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतली. "उद्या करू," म्हणाले आणि खुर्चीतच डोळा लागला. पट्टी मांडीवर, त्यांच्या हाताखाली दबलेली.

ती ओढून काढली असती तर हे जागे झाले असते. जागे झाले की बाथरूम, मग चहा, मग "धर वं." मला त्या दुपारी कोणालाही उठवायचं नव्हतं. अख्ख्या घरात फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता. मला वाटलं, हे एक काम उरकून टाकलं तर उद्याची दुपार आपली. टेप माझ्या गळ्यातच असतो. खडू मशीनच्या खणात. पंचाहत्तर मोजलं, फासळ्यांच्या खुणा केल्या, हात बसलेला असल्यामुळे शिवणीसारख्या दोन-दोन रेघा ओढल्या आणि आतल्या रेघेवरून कापून टाकलं. तासाभरात झालं. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

हे उठले. "नीट मोजलं न वं?"

"तुमच्यापेक्षा नीट."

दोन दिवसांनी कुशी चिकटवल्या. उजवी सुतासारखी बसली. डावी लावताना पुढच्या टोकाशी जराशी कमी पडली. आता आम्ही शिवणारी माणसं. दोन कापडं जुळवताना एक चिमूटभर तोकडं निघालं तर आम्ही शिवण उसवत नाही. हाताने हळूहळू ताणतो, जुळवून घेतो आणि पुढे जातो. तीस वर्षं हेच केलंय. मी प्लायवर ओला फडका फिरवला, हळूहळू ओढला, टोकाला टोक मिळवलं आणि कपड्यांचे सात-आठ चिमटे लावून टाकले.

"पुढं मिळालं का?" ह्यांनी विचारलं. त्यांची मान उजव्या कुशीकडे.

"मिळालं."

मग पाणी मुरू नये म्हणून आतून पारदर्शक सीलर, वरचं झाकण, त्यात बॅटरीपुरती चौकोनी खिडकी, बाहेरून पाच हात पॉलिश. बोट देखणी झाली. उजवीकडून तर फारच. हे तिच्यावर हात फिरवत बसायचे आणि मी ते पाहून दोन मिनिटं मशीन थांबवायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही ऑटो करून निघालो. हुडकेश्वरच्या पुढे, नवीन लेआउट संपतात तिथे एक छोटं तळं आहे. काठापर्यंत ऑटो जातो. मी ह्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्चीही सोबत घेतली होती. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी मी केली होती, दोन्ही गालांची. काठावर फिरायला आलेले दोन म्हातारे होते, ते कौतुकाने जवळ येऊन उभे राहिले.

बोट पाण्यावर ठेवली. तरंगली. इकडे नाही, तिकडे नाही, अगदी समतोल. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटलो बाई. त्यांनी रिमोटवर अंगठा पुढे केला. मोटर गुणगुणली, बोट काठापासून निघाली, दहा-बारा हात गेली आणि डावीकडे वळली.

ह्यांनी रिमोटवर सुकाणू उजवीकडे दाबलं. बोट सरळ झाली. अंगठा सोडला, पुन्हा डावीकडे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग हे नुसते पाहत राहिले आणि बोट आपली डावीकडे गोल गोल फिरत राहिली. वळून डावीकडे गेली की ह्यांना ती दिसत नव्हती. मान वळवून शोधायचे, तोवर ती उजवीकडून पुन्हा समोर यायची.

"भाऊ, डावीकडं जाऊन राहिली तुमची बोट," एक म्हातारा म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. मला त्याला तळ्यात ढकलावंसं वाटलं.

ह्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "चाल घरी."

"अजून एक वेळा पाहा न."

"काय पाहाचं? माह्या डोक्यात जे आहे तेच बोटीत उतरलं. चाल."

बोट परत आणायलाही त्यांनी रिमोटला हात लावला नाही. मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले आणि ती उचलून आणली. घरी आल्यावर बूटसुद्धा काढू न देता पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे वळले.

"नूपुरले फोन करून दे. उद्यापासून नको म्हणा."

मी बोट टेबलावर ठेवून पुसायला घेतली. ओल्या फडक्याने उजवी कूस पुसली, डावी पुसली, आणि टोकाशी हात थांबला. तीस वर्षं मी कापडाची शिवण बोटांनी पाहते. ही शिवण ओढलेली होती. बोटीचं टोक जरासंच, पण डावीकडे झुकलेलं होतं. मी गळ्यातला टेप काढला. उजवी कूस पंचाहत्तर आणि वर पाऊण. डावी कूस, बरोबर पंचाहत्तर.

मी टेप हातात धरून खुर्चीवर बसले. पडदा आठवला. एकवीस वर्षांची मी आठवले. एका कामात दोन पट्ट्या.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला पहिला विचार आला तो गप्प बसायचा. कारण सांगितलं तर काय होईल? हे पुन्हा उठतील, पुन्हा प्लाय आणा, पुन्हा भुसा, पुन्हा दोन महिने "धर वं." आणि नाही सांगितलं तर? हे झोपून राहतील. झोपलेल्या माणसाचं करणं सोपं असतं. त्याला खाऊ घालायचं, पुसायचं, कूस बदलायची, झालं. तो तुम्हाला हाका मारत नाही. बसलेल्या माणसाचंच फार असतं. अठ्ठावन्न वर्षांच्या माझ्या कंबरेने मला हे अगदी स्पष्ट सांगितलं. मी बोट उचलून कपाटावर ठेवली, तिच्यावर एक जुनी साडी टाकली आणि मशीनवर जाऊन बसले.

एक ब्लाउज पुरा केला. उचलून पाहिला तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लागल्या होत्या. अशी चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती. मी तो ब्लाउज मांडीवर ठेवून पलंगाकडे पाहिलं. ह्यांची पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. ह्या माणसाने घडी घालून आपली चूक आपण शोधली होती, आणि मी माझी साडीखाली झाकून बसले होते. मला माझीच किळस आली.

मी जाऊन पलंगाच्या उजव्या अंगाला उभी राहिले. "आयकून राहिले का? बोट तुमच्यानं नाही बिघडली. डावी बाजू मी माह्या टेपनं मोजली होती. तुमची पट्टी नव्हती घेतली. पाऊण सेंटिमीटर कमी झाली, आन मी ओढून चिकटवली."

हे भिंतीलाच म्हणाले, "कायले आपल्या अंगावर घेते?"

"खरं बोलून राहिली मी."

"मागं बी खरंच बोलत होती न? जवळपास आलं, डॉक्टर खूश आहे. जाऊ दे पुष्पा. तू बी थकली, मी बी थकलो."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. ते माझी समजूत घालत होते. आठ महिने मी त्यांच्या भल्यासाठी खोटं बोलले आणि आता माझं खरंही त्याच ढिगात जाऊन पडलं.

"टेप लावून दाखवू?"

"तुले जसा पाहिजे तसा लावशीन."

मला चीड आली. माझ्यावर, त्यांच्यावर, त्या बोटीवर, सगळ्यांवर. मी कपाटावरून बोट काढली, पलंगाशेजारच्या स्टुलावर दाणकन ठेवली, ह्यांची पटाशी आणली आणि वरच्या झाकणाच्या सांध्यात खुपसली. लाकूड कडाडलं. त्या आवाजाने हे वळले. दहा वर्षांच्या पोराला येणार नाही एवढी घाई करून एका हातावर उठून बसले.

"काय करून राहिली वं! पागल झाली का? पटाशी मोडन माही!"

मी थांबले नाही. पाच हात पॉलिश केलेलं झाकण तुकड्या-तुकड्याने निघालं. बोटीचं पोट उघडं पडलं. आतल्या उजव्या कुशीवर सीलरखाली ह्यांच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, केसासारख्या. ह्यांनी तेवढंच पाहिलं. "या तं माह्याच रेघा आहेत," ते म्हणाले. "तेच तं म्हणतो मी."

मग माझ्या लक्षात आलं. मी बोट धरली आणि ताट फिरवते तशी फिरवली. डावी कूस उजवीकडे आली.

तिच्यावर निळ्या खडूच्या रेघा होत्या. जाड. प्रत्येक फासळीजवळ दोन-दोन. एक शिवणीची, एक कापायची.

ह्यांनी हात लांब केला. पहिल्या रेघेवर अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. सगळ्या पाचही जागा पाहिल्या. मग उशीखालून आपली पट्टी काढली. पट्टी उशीखाली असते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ती कुशीला लावली, कडेवर नख फिरवत शेवटपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "साडे... नाही. चौऱ्याहत्तर आन एक पाव."

मी पटाशी बाजूला ठेवली.

"खडू?" त्यांनी मान वर केली. "लाकडावर खडू? आन दोन-दोन रेघा कायच्या वं ह्या? पोलकं शिवून राहिली होती का तू?"

"हात बसला आहे माहा."

"हात बसला! सदतीस वर्ष झाले सांगून राहिलो, पट्टी एक पाहिजे, पट्टी एक पाहिजे. पडदा शिवला तवा सांगतलं होतं का नव्हतं सांगतलं? आन कमी पडली तं ओढली काहून? प्लाय म्हणजे का कापड आहे? मले उठवलं काहून नाही?"

"तुम्ही झोपले होते."

"झोपलो होतो, मेलो नव्हतो!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून पाहायला लागली. आठ महिन्यांत ह्या घरातून असा आवाज बाहेर गेला नव्हता. फाउंड्रीतल्या हाताखालच्या माणसांना हे असेच बोलायचे म्हणे. मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. ह्यांना माझं कौतुक करावंसं वाटलं नाही, माफ करावंसं तर मुळीच वाटलं नाही, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पाय दुखत होते, साडीचा काठ अजून तळ्याच्या पाण्याने ओला होता. मला फक्त कुठेतरी टेकायचं होतं.

"उजव्या कुशीले काही नाही झालं," शेवटी ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "ते बरोबर आहे. डावी काढून टाकू. फासळ्या बी पाहा लागतीन. प्लाय उरला का?"

"उरला."

"पट्टी मी धरीन. तू फक्त हात लावशीन."

"हो."

"आन नूपुरले फोन केला का?"

"नाही."

"करू बी नोको."

मी स्वयंपाकाला गेले. वरण-भात सकाळचाच होता, वांग्याची भाजी टाकली, चार पोळ्या लाटल्या. ओट्याला टेकून थोडं रडून घेतलं. फार नाही, कांदा चिरताना जेवढं येतं तेवढं. पुन्हा दोन महिने. पुन्हा डाळीत भुसा. मी ते मनात मोजत होते आणि मोजताना थकत होते.

ताट वाढून पलंगाशी नेलं. मशीनवर जाऊन दोन्ही बाह्या उसवायला बसले. अर्धं जेवण झालं असेल असा अंदाज घेऊन उठले आणि ताट फिरवायला हात पुढे केला, तर समोर भाजीची वाटी. भरलेली. उजवीकडे. मला वाटलं, मी आज वाढतानाच चुकले.

"मी फिरवलं," हे म्हणाले. त्यांची नजर ताटातच होती. "म्हटलं पाहून घ्यावं, इकडं बी तुनं काही करून ठेवलं का."

मी आत गेले. डब्यातली शेवटची पोळी घेऊन आले आणि ती मुद्दाम डावीकडे वाढली, काही न बोलता. ह्यांनी भाजी संपवली, भात संपवला. मग थांबले. उजव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवर ठेवलं आणि पट्टीवर फिरवतात तसं कडेकडेने फिरवत नेलं. फार वेळ लागला. मी उभीच राहिले. बोट पोळीला लागलं.